बायी तगीरी

टिळकवाडीतल्या दवाखान्यात माझं काम साधं :
दिवा डोक्यावर ओढायचा,
नळी ओठाच्या कोपऱ्यात अडकवायची, लाळ ओढून घ्यायची.
अकरा वर्षांत किती तोंडं पाहिली, हिशोब नाही.
पण दुखत नसताना दात दाखवायला येणारी माणसं
पहिल्यांदा इथंच पाहिली.
दर सहा महिन्यांनी येतात, नुसतीच,
जाता जाता देवळात डोकवावं तशी.

आमच्यात दात दुखल्याशिवाय आठवायचा नाही.
दुखला की लवंग.
लवंगेनं भागलं नाही तर निपाणीच्या आठवडी बाजारात
चादरीवर उपटलेल्या दातांचा ढीग मांडून बसलेला तो,
ज्याच्या स्वतःच्या तोंडात दोनच होते.
वरचा मात्र काढायचा नाही, डोळा जातो.
आई हे सांगायची तेव्हा तिचा वरचाच एक हलत होता
आणि डोळे विडीच्या दोऱ्यात.

सूप रिकामं झालं की तळाला उरलेली तंबाखूची भुकटी
ती चिमटीनं गोळा करायची,
पहाटे तव्यावर भाजायची, काळी होईस्तोवर.
नंतर त्याच तव्यावर भाकरी.
त्या वासानं मला जाग यायची, ठसका लागून.
"मशेरी लावली की भूक मरतीया बघ," ती म्हणायची.
मला वाटायचं, दातांबद्दल बोलते आहे.

माझ्या लग्नाच्या एकाही फोटोत दात नाहीत.
नवरी गंभीर आहे, म्हणाले सासरचे. शिकलेली वाटते.

स्वरांगी तेरा वर्षांची. तिच्या दातांना तारा आहेत.
अडतीस हजार, हप्त्यानं, त्यात स्टाफ म्हणून सूट.
आईनं बोटांची पेरं मोजली :
"म्हंजे दोन लाख विड्या झाल्या की गं.
एवढ्याशा तोंडात?"
मग बराच वेळ पानं कातरत राहिली.
"पर सरळ हुतील न्हवं?"

शेवटी आणलंच तिला, गाल सुजल्यावर.
खुर्ची मागं झुकली तशी तिनं दोन्ही हातांनी पदर धरला,
पाय जुळवून घेतले.
डॉक्टर पट्टणशेट्टी नव्या, हुबळीच्या. मराठी अजून जमत नाही.
वाकून हळूच म्हणाल्या, "बायी तगीरी."
आईनं माझ्याकडं पाहिलं.
"कुठली बाई?"
मी म्हटलं, तोंड गं. त्यांच्यात तोंडाला बायी म्हणतात.
"हल्लु नोवु?" डॉक्टरांनी विचारलं.
"हां, हळूच करा," आई म्हणाली,
आणि तोंड उघडलं.

दिवा मीच धरला होता.
तेव्हा लक्षात आलं, हे तोंड मी कधी पाहिलेलं नाही.
हसताना पदर, जेवताना भिंतीकडं तोंड,
रागावली तरी ओठांच्या आतून.
काळ्या दगडांचं कुंपण, मध्ये दोन खिंडारं,
आणि आत गालाला, बोट रोज जिथं टेकतं तिथं,
अंगठ्याएवढा पांढरा डाग.
डॉक्टरांनी तो आरशानं दोनदा पाहिला.
मग माझ्याकडं पाहिलं. कन्नडमध्ये काही बोलल्या नाहीत,
मराठीत तर नाहीच.
मी नळी लावली. लाळ ओढून घेतली.

दात साफ केले त्याचे आठशे.
"चार हजार विड्या," आई बाहेर येऊन म्हणाली,
"पाच दिसांचं काम, अन् बाईनं अर्ध्या तासात खरवडून टाकलं."
डागाचं मी बोललेच नाही अजून. सोमवारी न्यायचंय तिला, मोठ्या दवाखान्यात.

संकेश्वरला एसटी थांबली. चहा घेतला.
पहिल्या घोटाला तिनं डोळे मिटले, झोंबला असणार.
जीभ सारखी दातांवरून फिरत होती,
पुसलेल्या फरशीवर अनोळखी पाय फिरावा तशी.
"काय झालं?"
"वारं लागतंय गं. नागवं नागवं वाटतंय."
आणि पदर ओढला तोंडावर,
नेहमीसारखाच.